घराच्या क्लोजिंगमध्ये विक्रेत्याच्या वाट्याचा मालमत्ता कर नेमका कोणत्या बिलावरून काढावा? (इलिनॉय, कुक काउंटी)

नवगृह (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आम्ही शिकागोच्या उपनगरांपैकी शॉमबर्ग येथे, म्हणजे कुक काउंटीत, एक घर घेत आहोत. करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या आहेत, सध्या वकिलांच्या तपासणीसाठी असलेली पाच कामकाजाच्या दिवसांची मुदत चालू आहे आणि क्लोजिंग (पैसे देऊन घर आमच्या नावावर होण्याचा दिवस) १५ सप्टेंबर २०२५ रोजी ठरले आहे. करारात असे लिहिले आहे की, हाती असलेल्या शेवटच्या पूर्ण वर्षाच्या बिलाच्या १०५ टक्के रकमेवरून विक्रेत्याच्या वाट्याचा मालमत्ता कर काढला जाईल आणि तेवढे क्रेडिट (आम्ही द्यायच्या रकमेतून होणारी वजावट) आम्हाला मिळेल. शेवटचे पूर्ण बिल २०२३ या वर्षाचे असून ते ८,००० डॉलर्सचे आहे.

पुण्यात जुना फ्लॅट घेताना आम्ही विक्रेत्याकडून महापालिकेचा कर भरल्याची पावती आणि सोसायटीचे थकबाकी नसल्याचे पत्र घेतले होते आणि तो विषय तेथेच संपला होता. येथे विक्रेत्यांनी मार्चमधील हप्ता वेळेवर भरल्याची पावती दाखवली आहे, तरीही आमच्या एजंटच्या अंदाजानुसार आम्हाला जवळजवळ १०,००० डॉलर्सचे क्रेडिट मिळणार आहे. वर्षाचा कर ८,००० असताना विक्रेत्यांनी १०,००० का द्यावेत, हे आम्हाला अजून नीट समजलेले नाही.

दुसरी शंका अधिक महत्त्वाची वाटते. विक्रेते वयोवृद्ध दांपत्य आहे. त्यांच्या बिलावर सवलतींपूर्वीचा कर ११,४०० डॉलर्स दाखवला आहे आणि त्यातून घरमालकाची सवलत ९०० डॉलर्स, ज्येष्ठ नागरिक सवलत ७२० डॉलर्स आणि सीनियर फ्रीझ (ज्येष्ठांच्या घराचे करासाठीचे मूल्य गोठवणारी सवलत) १,७८० डॉलर्स अशा वजावटी होऊन ८,००० ही रक्कम आली आहे. आम्ही दोघेही चाळिशीच्या आतले आहोत, त्यामुळे या सवलती आम्हाला मिळणार नाहीत. मग आमचे क्रेडिट त्या सवलतीच्या बिलावरून काढणे योग्य आहे का? याविषयी बोलणे म्हणजे वयस्कर माणसांशी पैशांवरून घासाघीस करणे होईल, असा संकोच आमच्या घरात व्यक्त झाला आहे, म्हणून अनुभवी मंडळींचे मत हवे आहे. या क्रेडिटचा आमच्या प्राप्तिकर विवरणपत्रावर काय परिणाम होतो, हेही कोणी सांगितल्यास आभारी राहू.

शिकागोकर (प्रतिसाद)

नमस्कार. इलिनॉयमध्ये मालमत्ता कर एक वर्ष मागाहून भरला जातो. २०२४ या वर्षाचा कर २०२५ मध्ये भरायचा आणि २०२५ चा कर २०२६ मध्ये, असा हा क्रम आहे. त्यामुळे विक्रेत्यांनी एकही हप्ता चुकवलेला नसला, तरी घर सोडताना त्यांच्या राहण्याच्या काळातील बराच कर भरायचा शिल्लक असतो आणि तो पुढे घराच्या नव्या मालकाच्या हाती येतो. पुण्यातील पावतीने जे काम केले, ते येथील पावती करू शकत नाही, कारण ती पावती गेल्या वर्षाच्या कराच्या एका भागाची आहे.

आता तुमचा हिशेब मांडून पाहू. कुक काउंटीत पहिला हप्ता नवी आकारणी न पाहता मागील वर्षाच्या एकूण कराच्या ५५ टक्के इतका असतो. २०२३ चा कर ८,००० असल्यामुळे विक्रेत्यांनी या मार्चमध्ये ४,४०० डॉलर्स भरले असतील. करारातील १०५ टक्क्यांप्रमाणे २०२४ चा अंदाजित कर ८,४०० धरला, तर २०२४ पोटी ४,००० डॉलर्स अजून भरायचे आहेत आणि ते पूर्णपणे विक्रेत्यांचे आहेत. त्यानंतर २०२५ येते. शिकागो परिसरात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या छापील करारात क्लोजिंगचा दिवस विक्रेत्याच्या बाजूला मोजतात, म्हणून १ जानेवारी ते १५ सप्टेंबर असे २५८ दिवस होतात. ८,४०० भागिले ३६५ गुणिले २५८ म्हणजे ५,९३७ डॉलर्स ५३ सेंट. दोन्ही मिळून ९,९३७ डॉलर्स ५३ सेंट होतात आणि तुमच्या एजंटचा अंदाज याच रकमेचा आहे. ही रक्कम म्हणजे किमतीत मिळालेली सूट नव्हे. २०२४ चा दुसरा हप्ता आणि २०२५ चे दोन्ही हप्ते तुम्हालाच भरायचे आहेत, त्यांतील विक्रेत्यांचा वाटा ते तुमच्याकडे आधीच सोपवत आहेत. क्लोजिंगच्या दिवशी या क्रेडिटमुळे तुम्हाला कमी पैसे आणावे लागतील. वाचलेली रक्कम मात्र फर्निचरवर खर्च न करता बाजूला ठेवावी, कारण दुसऱ्या हप्त्याची कायदेशीर तारीख १ ऑगस्ट असूनही कुक काउंटीत ती पुष्कळदा पुढे जाते (२०२२ मध्ये शेवटची तारीख ३० डिसेंबर होती आणि २०२३ मध्ये १ डिसेंबर) आणि यंदाही ते बिल अद्याप आलेले नाही.

सवलतींबद्दलची तुमची शंका अगदी योग्य आहे, आणि करारात १०५ टक्के असावेत की ११० टक्के, या नेहमीच्या चर्चेपेक्षा तिचे मोल अधिक आहे. टक्केवारी कोणत्या रकमेवर लावली जाते, यावर सगळे अवलंबून असते. सवलतीची पात्रता १ जानेवारीच्या स्थितीवरून ठरते, त्यामुळे २०२५ च्या कराला विक्रेत्यांच्या सवलती लागू होऊ शकतात. परंतु सीनियर फ्रीझसाठी दरवर्षी नव्याने अर्ज करावा लागतो, आणि २०२५ या करवर्षाचा अर्ज २०२६ मध्ये भरला जातो. तोपर्यंत हे दांपत्य दुसरीकडे राहायला गेलेले असेल आणि ज्या घराशी आता आपला संबंध उरलेला नाही, त्याच्यासाठी उत्पन्नाचे कागद जोडून अर्ज भरण्याची आठवण त्यांना राहीलच, असे धरून चालता येत नाही. तुमच्या करारातही बहुधा असे कलम असेल की, बिलात सवलती असल्यास त्या टिकवण्यासाठी लागणारी कागदपत्रे विक्रेत्याने क्लोजिंगपूर्वी किंवा नंतर वेळेत सादर करावीत. कलम चांगले आहे, पण ते पाळले गेले नाही हे कळेपर्यंत २०२६ मधील दुसऱ्या हप्त्याचे बिल हाती येते आणि तेव्हा दुसऱ्या राज्यात गेलेल्या वृद्धांमागे वकिलाची पत्रे पाठवण्याची तुमचीही इच्छा नसणार.

फ्रीझ आणि ज्येष्ठ सवलत दोन्ही गळाल्या आणि घरमालकाची सवलत तेवढी राहिली, तर आधाराची रक्कम १०,५०० होते. तिच्या १०५ टक्क्यांवर म्हणजे ११,०२५ वर २५८ दिवसांचा वाटा ७,७९३ डॉलर्स येतो. वर काढलेल्या ५,९३७ पेक्षा हा आकडा सुमारे १,८५५ डॉलर्सनी अधिक आहे. शिवाय कुक काउंटीत दर तीन वर्षांनी फेरआकारणी होते आणि उत्तरेकडील उपनगरांची, ज्यांत शॉमबर्ग येते, पाळी नेमकी २०२५ मध्ये आहे. म्हणजे २०२५ चा कर नव्या मूल्यावर बेतलेला असेल आणि २०२३ च्या बिलातून त्याचा अंदाज येणार नाही.

छापील करारात कराची ही विभागणी क्लोजिंगच्या दिवशी अंतिम मानली जाते. नंतर बिल काहीही आले, तरी कोणी कोणाला देणे लागत नाही. म्हणून जे बोलायचे ते वकिलांच्या तपासणीच्या मुदतीतच बोलावे. तुमच्या वकिलांना दोन पर्याय सांगा. पहिला पर्याय असा की, २०२५ चा वाटा ज्येष्ठ सवलत आणि फ्रीझ वगळून १०,५०० या आधारावर काढावा. दुसरा असा की, प्रत्यक्ष बिल आल्यावर पुन्हा हिशेब करण्याचा लेखी करार करावा आणि काही रक्कम तोपर्यंत टायटल कंपनीकडे (मालकी हक्क तपासून व्यवहार पूर्ण करणाऱ्या कंपनीकडे) राखून ठेवावी. दुसरा पर्याय अधिक न्याय्य आहे, पण वर्षभर पैसे अडकतात म्हणून विक्रेते बहुधा पहिला स्वीकारतात.

संकोचाबद्दल एवढेच म्हणेन की, ज्या दिवसांत ते त्या घरात राहिले, त्या दिवसांचा कर त्यांचा आहे. तो अचूक काढून मागण्यात अनादर नाही. ही गोष्ट तुमचा वकील त्यांच्या वकिलाला लिहितो, त्यामुळे समोरासमोर बोलण्याची वेळही येत नाही.

ऑस्टिनकर (प्रतिसाद)

टेक्सासमधील पद्धत वेगळी आहे आणि तिच्यातून तुम्हाला मागणीसाठी आधार मिळेल, म्हणून लिहितो. येथे कर कॅलेंडर वर्षाचा असून बिल साधारणपणे ऑक्टोबरपासून येते आणि पुढील ३१ जानेवारीपर्यंत भरता येते. वर्षाच्या मध्यावर घर विकले गेले, तर १ जानेवारीपासूनचा वाटा विक्रेता क्रेडिट म्हणून देतो. परंतु राज्याच्या रिअल इस्टेट आयोगाच्या प्रमाणित करारात दोन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या आहेत. चालू वर्षाच्या करावर परिणाम करणारा सवलतींतील बदल विभागणी करताना विचारात घेता येतो, आणि प्रत्यक्ष बिल वेगळे आले तर दोन्ही पक्षांनी हिशेब पुन्हा जुळवून घ्यायचा असतो. तुम्ही जे मागणार आहात, ते दुसऱ्या एका मोठ्या राज्यात छापील करारातच आहे, हे लक्षात ठेवावे.

येथे घर घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. राहत्या घराच्या करपात्र मूल्यात वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ होत नाही, पण ही मर्यादा मालक बदलल्यावर पुढील वर्षी नाहीशी होते. जुन्या मालकाचे बिल पाहून मासिक हप्त्याचा अंदाज बांधणाऱ्यांना दुसऱ्या वर्षी एस्क्रोची (कर भरण्यासाठी कर्जदात्याकडे दरमहा पैसे जमा होतात त्या खात्याची) तूट भरावी लागते, ती बहुतेक वेळा याच कारणाने.

एडिसनवासी (प्रतिसाद)

न्यू जर्सीत क्रेडिट बऱ्याचदा उलट दिशेने जाते, त्यामुळे इलिनॉयचे उत्तर वाचून येथील खरेदीदारांनी गोंधळून जाऊ नये. कर तिमाही असतो आणि १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट व १ नोव्हेंबर या तारखांना देय होतो. ऑगस्टचा हप्ता जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचा असतो. समजा तो ३,३१२ डॉलर्स आहे, विक्रेत्याने तो १ ऑगस्टला भरला आणि १० ऑगस्टला क्लोजिंग झाले. क्लोजिंगचा दिवस खरेदीदाराकडे धरला, तर तिमाहीच्या ९२ दिवसांपैकी ५२ दिवस त्याचे होतात आणि दिवसाला ३६ डॉलर्स या दराने त्याने विक्रेत्याला १,८७२ डॉलर्स परत करायचे असतात. हप्ता भरला आहे की नाही, हे टायटल कंपनीने नगरपालिकेच्या कर वसुली कार्यालयाकडून लेखी घेतलेले असावे, कारण तारखेच्या आगेमागे क्लोजिंग असेल तर तोच हप्ता दोनदा भरला जाणे किंवा दोघांनीही न भरणे अशा दोन्ही गोष्टी घडू शकतात.

कोणत्याही राज्यात क्लोजिंग डिस्क्लोजरचे (क्लोजिंगच्या संपूर्ण हिशेबाच्या कागदाचे) तिसरे पान जरूर वाचावे. विक्रेत्याने आगाऊ भरलेले कर खरेदीदाराच्या के विभागात, तर विक्रेत्याने न भरलेले कर एल विभागात दाखवलेले असतात. पहिल्या प्रकारात तुम्ही देणे लागता, दुसऱ्यात तुम्हाला मिळते. हा कागद कर्जदात्याने क्लोजिंगच्या किमान तीन कामकाजाचे दिवस आधी द्यायचा असतो आणि तारखा व दिवसांची संख्या स्वतः मोजून पाहण्याइतका वेळ त्यात नक्की मिळतो.

नेपरव्हिलवासी (प्रतिसाद)

मी शिकागोकर यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, परंतु विक्रेत्याची बाजूही मांडली जावी असे वाटते. १०५ टक्के ही तरतूद कर वाढेल या अंदाजासाठीच असते. कर वाढला नाही, तर वरचे ५ टक्के विक्रेत्याचे जातात आणि विभागणी अंतिम असल्यामुळे ते त्याला परत मागता येत नाहीत. म्हणून खरेदीदाराने ११० टक्केही मागावेत, सवलतीही वगळायला सांगाव्यात आणि वर पुनर्हिशेबाचा करारही मागावा, हे मला न्याय्य वाटत नाही. यांतील एकच संरक्षण पुरेसे असते, आणि तुमच्या बाबतीत ते सवलतींचे असावे. २०२४ च्या वाट्यासाठी तर सवलती वगळण्याचे कारणच दिसत नाही, कारण त्या वर्षाचा फ्रीझचा अर्ज याच वर्षीच्या वसंतात भरायचा होता आणि विक्रेत्यांनी तो भरला असल्यास तसा पुरावा ते दाखवू शकतील. तो पुरावा मात्र जरूर मागा.

फेरआकारणीचा धोका दोन्ही बाजूंना आहे. मूल्य वाढले तरी कर त्याच प्रमाणात वाढतो असे नाही, कारण शाळा, गाव आणि काउंटी यांची एकूण मागणी किती वाढली आणि आजूबाजूच्या घरांची मूल्ये किती वाढली, यांवर दर ठरतो.

लेखापाल (प्रतिसाद)

प्राप्तिकराच्या प्रश्नाचे उत्तर देतो. कर कोणाच्या हातून भरला गेला, याला फेडरल नियमांत दुय्यम स्थान आहे. विक्रीच्या वर्षाचा मालमत्ता कर विक्रीच्या तारखेवरून वाटला जातो. विक्रीच्या आदल्या दिवसापर्यंतचा कर विक्रेत्याचा आणि विक्रीच्या दिवसापासूनचा खरेदीदाराचा मानला जातो. तुमच्या करारात क्लोजिंगचा दिवस विक्रेत्याकडे असला, तरी विवरणपत्रासाठी २०२५ चे २५७ दिवस त्यांचे आणि १०८ दिवस तुमचे आहेत.

याचा परिणाम असा की, २०२४ चा दुसरा हप्ता तुमच्या एस्क्रो खात्यातून भरला गेला, तरी त्यातील एकही डॉलर तुम्हाला वजावट म्हणून घेता येत नाही. तो कर विक्रेत्यांचा आहे आणि त्यांनी तो क्रेडिटच्या रूपाने तुम्हाला दिलेला आहे. २०२५ च्या करातील तुमच्या १०८ दिवसांचा वाटा तुम्ही २०२६ मध्ये भराल आणि त्याची वजावट तुम्हाला घेता येईल. येथे सर्वाधिक चुका होतात त्या कर्जदात्याच्या वार्षिक पत्रकामुळे. फॉर्म १०९८ वर एस्क्रोतून भरलेल्या मालमत्ता कराची एकूण रक्कम दाखवलेली असू शकते आणि अनेक जण ती जशीच्या तशी उतरवतात. क्लोजिंग डिस्क्लोजरची प्रत विवरणपत्राच्या कागदांबरोबर ठेवावी आणि त्या रकमेतून विक्रेत्यांचा वाटा वजा करावा.

याउलट, खरेदीदाराने विक्रेत्याचा थकलेला कर भरपाई न घेता स्वतःवर घेतला असेल, तर ती रक्कम वजावट न ठरता घराच्या खरेदीखर्चात मिळवली जाते. तुमच्या व्यवहारात पूर्ण क्रेडिट मिळत असल्याने हा प्रश्न येत नाही.

राज्य व स्थानिक करांच्या वजावटीवर २०१८ ते २०२४ या वर्षांत १०,००० डॉलर्सची मर्यादा होती. जुलै २०२५ च्या कायद्याने ती २०२५ साठी ४०,००० डॉलर्स झाली आहे आणि पाच लाख डॉलर्सहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांसाठी ती उतरत जाते. त्यामुळे इलिनॉयमधील अनेक कुटुंबांसाठी मालमत्ता कराची वजावट पुन्हा अर्थपूर्ण झाली आहे आणि वाटा अचूक काढण्याचे महत्त्वही वाढले आहे.

नवगृह (प्रतिसाद)

सर्वांचे मनापासून आभार. आज वकिलांशी बोलणे झाले. २०२४ चा वाटा सवलतीच्या बिलावरूनच घ्यायचा आणि फ्रीझचा यंदाचा अर्ज भरल्याचा पुरावा मागायचा, तर २०२५ चा वाटा ज्येष्ठ सवलत व फ्रीझ वगळून १०,५०० च्या १०५ टक्क्यांवर काढायचा, असा प्रस्ताव त्यांनी विक्रेत्यांच्या वकिलांना पाठवला आहे. नेपरव्हिलवासी यांचा मुद्दा पटल्यामुळे ११० टक्क्यांचा आग्रह धरलेला नाही. घरमालकाची सवलत आम्हाला आमच्या नावावर केव्हापासून मिळेल, एवढे मात्र अजून विचारायचे आहे.

शिकागोकर (प्रतिसाद)

प्रस्ताव संतुलित आहे. घरमालकाच्या सवलतीसाठी १ जानेवारीला घर तुमच्या मालकीचे आणि तुमचे राहते असावे लागते, म्हणून तुमचे पहिले करवर्ष २०२६ आहे. त्याचा अर्ज २०२७ च्या आरंभी काउंटीच्या आकारणी कार्यालयाकडे भरावा. पहिला हप्ता मागील वर्षाच्या ५५ टक्क्यांवर ठरत असल्यामुळे तुमची सवलत प्रत्यक्षात दिसेल ती २०२७ च्या दुसऱ्या हप्त्याच्या बिलावर. दरम्यान क्लोजिंग झाल्यावर बिलाचा पत्ता तुमच्या नावे बदलून घ्या, कारण बिल जुन्या मालकांच्या पत्त्यावर गेले तरी उशिराचे व्याज माफ होत नाही.